इन्स्टंट ग्लू आणि दोन ट्यूबवालं इपॉक्सी: बरेच महिने वापरून काय टिकलं, काय सुटलं

गोंदाचे रिव्ह्यू वाचले की एक तर 'एक नंबर' नाहीतर 'बकवास, चिकटतच नाही', मधलं काही नाहीच. आणि कशाला लावला होता ते कोणी लिहीत नाही. महिनोनमहिने दोन्ही वापरून माझं मत असं झालंय की अर्धा निकाल गोंदाच्या हातात नसतोच, तो समोरच्या वस्तूच्या हातात असतो.

सिरॅमिकची तडकलेली कुंडी, लाकडी स्टुलाचा पाय, स्टीलची निघालेली कडी हे सगळं इपॉक्सीने जोडलं आणि अजून जसंच्या तसं आहे. बादलीची फुटलेली कड आणि डब्याच्या झाकणाची तुटलेली क्लिप मात्र दोन्ही गोंदांनी लावून बघितली, गोंद मस्त सुकला, कडक झाला आणि नखाने पापुद्रा निघावा तसा अख्खा निघून आला. गोंदाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. ही प्लॅस्टिकं पॉलिथिलीन नाहीतर पॉलिप्रोपिलीन असतात, त्यात नुसते कार्बन आणि हायड्रोजन, दोघांची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद जवळपास सारखी (विद्युतऋणतेच्या आकड्यात 2.55 आणि 2.20), म्हणजे पृष्ठभागावर कुठे प्लस-मायनस नाही, गोंदाने पकडायचं कशाला? उरतं ते फक्त लंडन बल, म्हणजे रेणू अगदी जवळ आल्यावर त्यांच्यात लागणारी हलकीशी ओढ (व्हॅन डर वाल्स बलांतलाच एक प्रकार), सगळ्यात दुबळी. टेफ्लॉन तर त्याहून वाईट, भिंतीवर बिनधास्त चालणारी पाल पायाच्या बारीक केसांतल्या असल्याच व्हॅन डर वाल्स बलांवर चालते, पण कोरड्या टेफ्लॉनवर तीसुद्धा घसरते!

पण दुबळं म्हणून हसू नका. त्याच कार्बन-हायड्रोजनचा मिथेन उणे 161 अंशांना उकळतो, आणि साखळी हजारो कार्बनची केली की त्याचीच बादली बनते. अजून लांब साखळ्या एका दिशेत ओढून धागा केला की बुलेटप्रूफ जॅकेट. बल तेच, फक्त जागा किती मिळाली त्याचा फरक.

त्यामुळे आता काही चिकटवायच्या आधी मी वस्तू उलटी करून त्रिकोणातला आकडा बघते, प्लॅस्टिक कुठलं ते त्यावरून कळतं. 2, 4 किंवा 5 असेल तर सरळ स्क्रू नाहीतर वायर, नाहीतर पॉलिप्रोपिलीनसाठीचा प्रायमर (गोंदाच्या आधी लावायचा द्रव) आणायचा. 3 किंवा 6 असेल तर बिनधास्त लावा. आकडा नसेल तर पाण्याचा थेंब टाका, गोळा होऊन बसला तर गोंदही तसाच बसणार.

इन्स्टंट ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांना 1942 मध्ये हे पहिल्यांदा सापडलं तेव्हा सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला टाकलं होतं, बाजारात यायला 1958 उजाडलं. हा 'सुकत' नाही बरं का, हवेतला किंवा वस्तूवरचा पाण्याचा अंश लागला की रेणू एकमेकांना जोडत साखळी करत सुटतात. म्हणून पातळ थर लगेच धरतो आणि जाड थेंब आत कितीतरी वेळ ओला राहतो, लोक जास्त ओततात आणि मग पकडत नाही म्हणतात. मात्र या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, त्यामुळे ॲसिटोनमध्ये विरघळतात आणि तापल्यावर मऊ पडतात. चपलेचा सोल लगेच चिकटला खरा, पण जोड ठिसूळ, वाकवून वाकवून गेला. काचेवरही माझा अनुभव वाईटच. आणि एक, कापसाने पुसायला जाऊ नका, कापूस आणि हा ग्लू मिळून एवढे तापतात की बोट भाजतं.

इपॉक्सीचं वेगळं. दोन ट्यूब मिसळल्या की सगळ्या दिशांनी सहसंयुज बंधांचं (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या पक्क्या जोडांचं) जाळं तयार होतं, ते परत वितळत नाही, फार तापवलं तर जळतं. म्हणून प्रमाण पाळायचं, हार्डनर (घट्ट करणारी दुसरी ट्यूब) जास्त घातला की लवकर होतं हा गैरसमज आहे, तो नुसता पडून राहतो आणि जोड मऊ राहतो. उन्हात ठेवलेल्या कुंडीवरची रेघ पिवळी पडलीये, तेवढीच तक्रार.

आता गंमत अशी की आतलं जाळं कितीही भक्कम असलं तरी स्टीलला धरून असतात ते मुख्यतः हायड्रोजन बंध (रेणूंच्या प्लस-मायनस टोकांमधली ओढ) आणि त्याहून हलकी बलं. कार्बन-कार्बन बंध मोलमागे साधारण 350 किलोज्यूलचा, हायड्रोजन बंध विसेकचा. संख्येवर भागतं, पण ही बलं नॅनोमीटरच्या आतच चालतात, मध्ये तेलाचा पुसट थर आला की संपलं. त्यामुळे सँडपेपर मारणं आणि स्पिरिटने पुसणं यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा जोड टिकतो, महागडी ट्यूब घेऊन काही होत नाही.

इन्स्टंट ग्लू उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवते, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, थंड ट्यूब लगेच उघडली की आत दव धरतं आणि ग्लू तिथेच दगड. पुढच्या वेळी त्याची सगळ्यात छोटी ट्यूब घेणार आणि इपॉक्सी पाच मिनिटवालं नाही, सावकाश धरणारं.