हलव्याचे दागिने (बाळाचा कृष्ण सेट): काम सुंदर, पण ग्लू कशाला?

मुलाची पहिली संक्रांत, म्हणून बोरनहाणासाठी घरूनच ऑर्डर घेणाऱ्या एका ताईंकडून हा सेट मागवला, त्यात मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मनगट्या आणि बासरी. करी नावाच्या राक्षसाची नजर पोरांना लागू नये म्हणून पहिलं बोरनहाण कृष्णाला घातलं असं आपल्याकडे सांगतात ना, म्हणून मुलग्यांसाठी बहुतेक सगळे हाच सेट घेतात.

हलवा अस्सल आहे हे आधी सांगते. खसखशीवर केलेला बारीक दाणा, पांढराशुभ्र आणि काटा काय सुंदर उठलाय! ज्यांनी घरी केलाय त्यांना विचारा, मंद आचेवर परात ठेवून चमचा चमचा पाक सोडत हाताने दाणे फिरवत बसायचं, जरा घाई केली की गोळे होतात आणि काटा काही येत नाही. बाजारात गुळगुळीत साखरेच्या गोळ्या लावून हलव्याचे दागिने म्हणून विकतात, त्यांच्यापुढे हे फारच सरस. काळ्या झबल्यावर तर असे उठून दिसले की फोटो बघून सगळ्यांनी ताईंचा नंबर मागितला.

आता तक्रार. हार आणि मनगट्या दोऱ्यात गुंफलेल्या आहेत, मस्त. पण मुकुट, बाजूबंद आणि कंबरपट्ट्यावर दाणे पुठ्ठ्याला चक्क ग्लू गनने चिकटवलेत. अहो हे दागिने खायचे असतात! आमच्याकडे कार्यक्रम झाला की दोरा तोडून हलवा सगळ्या पोरांना वाटतात, त्याची पोरं वाटच बघत असतात. बोरनहाणाची गंमतच ती, बाळाला पाटावर बसवून औक्षण करायचं आणि मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, तिळगूळ, हलवा सगळं ओतायचं आणि पोरांनी तुटून पडून वेचून खायचं, थंडीत जे पिकतं ते पोटात जावं म्हणून. त्यात ग्लू लागलेला हलवा टाकून द्यावा लागला, फार जिवावर आलं. शिवाय मुकुटाच्या आतून पुठ्ठ्याची कड कपाळाला टोचत होती, शेवटी आत सुती कापड लावलं. (अगदी लहान बाळाच्या हाताला सुटा दाणा लागू देऊ नका, घशात अडकतो.)

पॅकिंग उत्तम, एकही दाणा फुटला नव्हता. आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हवा लागली की हलवा चिकट होतो. आणि संक्रांतीच्याच दिवशी हवेत म्हणून घाई करू नका, बोरनहाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं आणि संक्रांत झाली की ऑर्डरची गर्दीही जरा ओसरते.

ताईंना ग्लूचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी कळवलं तर पूर्ण सेट दोऱ्यात करून देते, फक्त वेळ जास्त लागेल. त्यामुळे ऑर्डर देतानाच "सगळं दोऱ्यातलं, खायचं आहे" असं स्पष्ट सांगा आणि बाळाच्या डोक्याचं माप पाठवा. पाचपैकी साडेतीन.