मोठेपणी एडीएचडीची तपासणी : डॉक्टर पाच स्टार, बाकी तीन

नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे. पुण्यातलं क्लिनिक, मोठ्या माणसांचं एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, तो लहानपणापासूनचा प्रकार) तपासतात. मी अकाउंट्सला, वय 37. दर महिन्याच्या 20 ला जीएसटीआर-3बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरावं लागतं आणि कितीही ठरवलं तरी माझा हात 19 च्या रात्रीच लागणार, मग जेवणखाण विसरून पहाटेपर्यंत एका दमात सगळं मिटवणार. साहेब म्हणायचे, प्रेशर असलं की ही भारी काम करते. बाकीच्या दिवशी काय चालायचं ते माझं मलाच माहीत (नवीन प्लॅनर, त्याला रंगीत स्टिकर, चार दिवसांनी प्लॅनरच गायब).

अपॉइंटमेंट 11 ची, नंबर लागला पावणेएकला. ज्यांना धड बसवत नाही अशाच लोकांना खुर्चीत कोंबून डोक्यावर मोठ्याने बातम्या लावायच्या, ही आयडिया कोणाची देव जाणे.

पण डॉक्टर एक नंबर. मला वाटलं पाच-सहा प्रश्न विचारतील आणि शिक्का मारतील, पण तीन सिटिंग झाली. लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत होती का हे बघावंच लागतं, म्हणून आईला फोनवर घेतलं आणि शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. पाचवीचा शेरा, 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.' सहावीत तोच, फक्त अक्षर वेगळं. आई आधी चिडलेली, माझ्या पोरीला काही झालेलं नाहीये, आळशी आहे नुसती, मग शेरे वाचता वाचता गप्पच झाली. थायरॉइड, झोप, डिप्रेशन पण बघितलं आणि तेव्हा कुठे लिहून दिलं.

गोळीचा मात्र वैताग. ती मिथाइलफेनिडेटची, आणि हे औषध शेड्यूल एक्समध्ये (कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत) येतं, प्रिस्क्रिप्शनची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि बरेच केमिस्ट माल ठेवतच नाहीत. चार दुकानं फिरले, एकाने तर गांजा मागितल्यासारखं बघितलं. कुठे मिळेल ते क्लिनिकने आधीच सांगायला काय जातं?

आता ऑफिसचं, त्यासाठीच तर गेले होते. सर्टिफिकेट दाखवलं की एचआर काहीतरी देईल अशा भ्रमात राहू नका, 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं नावच नाही. म्हणून मी तो शब्द काढलाच नाही. साहेबांना म्हंटलं, काम तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, आणि माझं टेबल प्रिंटरपासून हलवा. टेबल त्याच दिवशी हललं! नऊ वर्षं मी त्या प्रिंटरशेजारी बसून स्वतःला शिव्या घालत होते आणि 'मेल आलाच नाही', 'नेट गेलेलं' अशा थापा मारत होते. त्या थापा बंद झाल्या हे मला गोळीपेक्षा मोठं वाटतं. रिटर्न आता बहुतेक 16-17 ला जातं, गेल्या महिन्यात परत 19 ची रात्र झालीच.

आणि हो, फॉलोअपची तारीख मी विसरले तर रिसेप्शनने न आल्याचे 300 रुपये लावले. एडीएचडीच्या क्लिनिकमध्ये!!