आठ दिवसांची रजा: सलग शिबिर की एकाआड एक बुधवार?

कामाने मन विटले आहे, रजा शिल्लक आहे, पण ती कशी घ्यावी हे ठरत नाही, अशा नोकरदारांसाठी हे लिहीत आहे, कारण दोन्ही मार्ग मी स्वतः अनुभवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची गणना आजारात न करता कामाच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती अशी केली. मूळ कामात आहे, ही गोष्ट रजा ठरवताना लक्षात ठेवावी असे मला वाटते.

इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला मी बुधवारी दाखल झालो आणि पुढच्या आठवड्यातील रविवारी सकाळी बाहेर पडलो. शनिवार-रविवार वगळता आठ दिवसांची रजा लागली. पहाटे चारची घंटा आणि आर्यमौन यांविषयी बहुतेकांनी ऐकलेले असते. जमा केलेल्या फोनसाठी माझा हात तिसऱ्या दिवसापर्यंत खिशाकडे जात होता आणि सहाव्या दिवशी तो आपोआप थांबला. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

परतीची गाडी कसारा घाट उतरू लागल्यावर मी फोन सुरू केला. चारशेहून अधिक मेल आल्या होत्या आणि त्यांतील कितीतरी मेलवर ‘हे आल्यावर पाहतील’ एवढाच शेरा होता. माझ्या गैरहजेरीत काम कोणी केलेच नव्हते, ते माझ्या नावावर साचत गेले होते. रजेवर जाण्यापूर्वीचा आठवडा मी रात्री दहापर्यंत बसून काढला होता, आल्यावरचे दोन आठवडेही तसेच गेले, आणि इगतपुरीची शांतता गुरुवारपर्यंतसुद्धा पुरली नाही. यात शिबिराकडे काडीचाही दोष जात नाही, परंतु माझा निर्णय या एका गोष्टीने फिरवला.

पुढच्या वर्षी तेवढीच रजा मी एकाआड एक बुधवारी घेतली; ती चार महिने पुरली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते, त्यामुळे हा हिशेब अनेकांना जमावा. पहिले दोन बुधवार बँकेच्या कामांत वाया गेले, हे मान्य करतो. त्यानंतर मात्र फोन कपाटात ठेवून सकाळी आईसोबत मेथीची जुडी निवडत बसायचे आणि दुपारी निवांत झोपायचे, एवढाच क्रम ठेवला. मन शिबिरातल्याइतके खोल शांत होत नाही. पण गुरुवारी अकरापर्यंत मागचे सर्व काम उरकते, आणि दुसऱ्या महिन्यापासून तर सहकारी मंगळवारीच येऊन विचारून घेऊ लागले.

ज्यांच्या मागे काम सांभाळणारे माणूस आहे, त्यांनी इगतपुरीला अवश्य जावे. तो अनुभव बुधवारांतून मिळणार नाही. ज्यांचे काम साचत राहते, त्यांनी आधी बुधवार घेऊन पाहावेत, असे मी सुचवेन. माझे पुढच्या चार महिन्यांचे अर्ज देऊन झाले आहेत.