‘इम्पोर्टेड हेडर बोल्ट किट’: ७,७३० रुपयांना चुना

‘३१६ स्टेनलेस, लॉकिंग हेडर बोल्ट किट, कधीच ढिले पडणार नाहीत’ अशी पोस्ट दिसली तर पुढे सरका. मी किटचे ५,४०० आणि कुरिअरचे १८० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पार्सल आलं, तक्रार केली, नंबर ब्लॉक.

माझ्या जुन्या पेट्रोल जीपला हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, बनवून बसवलाय. तो तापतो, थंड होतो, सांध्यातून धूर गळू नये म्हणून मध्ये बसवलेलं गॅस्केट दबत जातं, बोल्ट सैल पडतात आणि सकाळी गार इंजिनाची टिकटिक सुरू. विकणाऱ्याला हे सगळं पाठ होतं. अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) कुठे लावायचं हेसुद्धा न विचारता सांगितलं त्याने. असा माणूस चोर निघेल असं कुणाला वाटेल?

पण फोटो! झूम करून पाहिला तर बोल्टच्या डोक्यावर ८.८. अहो, ही ग्रेड साध्या पोलादाची. स्टेनलेसवर ए२-७० किंवा ए४-८० असतं, हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. विचारलंही. ‘साहेब, तो जुन्या लॉटचा फोटो आहे,’ म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं. त्या एका ‘बरं’ने आजही झोप उडते. कोकणात जायचं ठरलं होतं, घाई होती, दुसरं काय!

पार्सल आलं तेव्हा मी कामावर होतो आणि फिटरने परस्पर बसवून टाकलं. नाहीतर चुंबक लावून तिथेच पकडलं असतं, ३१६ स्टेनलेसला तो जवळपास चिकटतच नाही. उरलेल्या बोल्टला नंतर लावला तर खटकन चिकटला. वरून नुसता जस्ताचा मुलामा, आणि जस्त ४१९ अंशांना वितळतं. कहर म्हणजे सोबत नायलॉक नट, आत नायलॉनचं कडं असलेले! ते नायलॉन सव्वाशे अंशांच्या आसपासच कामातून जातं, एग्झॉस्टवर ते काय टिकणार? ताम्हिणीत फटफट सुरू झाली, गॅस्केट उडालं, घट्ट करायला गेलो तर एक बोल्ट इंजिनाच्या हेडमध्येच तुटला. तो ड्रिल करून काढायचे १,५००, गॅस्केटचे ६५०.

चौकीत गेलो तर म्हणे, ‘पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली आणि ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ असं लिहून बंद केली. प्रतिसाद देणारा असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, छान आहे. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि बिलावरचा जीएसटी नंबर निघाला साड्यांच्या दुकानाचा! सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि प्रत्येकाला झेरॉक्स नवी हवी.

विकणाऱ्याचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो, पैसे भरण्याआधी तपासा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळले तर जाम होतात, अँटी-सीझ हवंच. साधा स्प्रिंग वॉशर त्या उष्णतेत मऊ पडतो. मी शेवटी नाना पेठेतून साधे स्टड (बिनडोक्याचे, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) आणि तांब्याचा मुलामा दिलेले लॉकनट आणले, मधून बाहेरच्या बाजूला आवळत गेलो, आणि इंजिन एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, पुन्हा पाहिले. किटच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढाही खर्च आला नसेल.

तो प्राणी आता दुसऱ्या नावाने विकतोय. फोटो तोच आहे, ८.८ वाला. किंमत ५,९०० केलीय.