भोपळ्याचं शेत: हाफ मून बे की घराजवळचं मैदान?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात ऑक्टोबर लागला की हॅलोविनचा भोपळा आणायला कुठे जायचं, हा प्रश्न लहान मूल असलेल्या घरात येतोच. घराजवळच्या मैदानावरचा पंपकिन पॅच, म्हणजे भोपळे निवडून विकत घ्यायची जागा, सोयीचा: दहा मिनिटांत पोचता येतं, दुपारच्या झोपेची वेळही सांभाळली जाते. पण तिथले भोपळे बहुधा ट्रकमधून आणून वाळल्या गवताच्या गठ्ठ्यांवर मांडलेले असतात.

हाफ मून बे या समुद्रकाठच्या गावातल्या शेतात सुकत आलेला वेल दिसतो, बूट मातीने भरतात. भोपळा जमिनीवर लोळत वाढतो, हे तीन वर्षांच्या पोराला कळायला तेच हवं. याच गावात २०२३ साली २,७४९ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेबाराशे किलोंचा भोपळा तोलला गेला, तो तेव्हाचा जागतिक विक्रम! अडचण एकच, तिकडे जाणारा हायवे ९२. भोपळा महोत्सवाच्या शनिवार-रविवारी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि मागच्या सीटवर रडारड सुरू होते. म्हणून आम्ही मधल्या वारी सकाळीच निघतो. समुद्रावरून धुकं येतं, स्वेटर हवाच.

एकदाच जमणार असेल तर माझं मत शेताला. आणि हॅलोविनला कोरायचा मोठा भोपळा खायला पाणचट लागतो. घारग्यांसाठी छोटा, गोड शुगर पंपकिन वेगळा घ्या.