गंजून मोडलेले बोल्ट घरी काढणं : लेफ्ट हँड ड्रिल आणि इझी-आउटचा काही महिन्यांचा अनुभव

आधी संचात काय आहे ते सांगतो. एम-३५ कोबाल्ट पोलादाचे लेफ्ट हँड ड्रिल, म्हणजे उलटं फिरताना कापणारे, ३ मिमीपासून ६.५ मिमीपर्यंत. सोबत पिळाच्या धारांचे इझी-आउट (मोडलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात घालायचं आणि उलटं फिरवून तो काढायचा, असं अवजार), १ ते ५ नंबर. ड्रिल घसरू नये म्हणून मध्यावर खूण पाडणारा, दाबला की आपोआप ठोका देणारा सेंटर पंच वेगळा घेतलेला आहे. मशीन म्हणजे साधं बॅटरीवरचं, दोन गिअरचं, रिव्हर्स असलेलं. पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे महिने हे सगळं मोटरसायकली, स्कूटर आणि घरच्या मोटारीवर वापरलं आहे. मत थेट सांगायचं तर ड्रिल उत्तम, पंच अत्यावश्यक, आणि ज्याच्या नावावर असे संच विकले जातात तो इझी-आउट सगळ्यात कमी कामाचा. असं का, ते नीट समजून घेतलं तर बराच खर्च आणि मनस्ताप वाचतो.

कोल्हापुरात गंजाला निमित्त लागत नाही. गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस, आंबा घाटातून रत्नागिरीकडे किंवा गगनबावड्यातून मालवणकडे जाऊन आलेल्या गाड्यांवरची खारी हवा, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या. पुरातली गाडी वरून धुऊन चकचकीत केली तरी आट्यांत शिरलेला बारीक गाळ तिथंच वाळतो आणि ओल धरून ठेवतो. अशा गाडीचा सायलेन्सरचा स्टड, चेन अॅडजस्टरचा बोल्ट किंवा ब्रेकचा ब्लीडर निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) कोरड्याच पान्ह्यानं हिसकला तर तो मोडणार हे गृहीत धरावं. ब्लीडर निप्पल आतून पोकळ असतो, त्यामुळे तो सगळ्यात आधी जातो.

मोडलेल्या बोल्टचे दोन प्रकार आहेत. संचाच्या वेष्टनावर हा फरक कुठंच सांगितलेला नसतो, आणि सगळं काम तर त्यावरच ठरतं.

पहिला प्रकार जादा आवळल्यामुळे किंवा कंपनांनी थकून तुटलेल्या बोल्टचा. डोकं गेलं की त्याला धरून ठेवणारा ताणही जातो. आत राहिलेला तुकडा मोकळाच असतो. तो कधी नुसत्या टोकदार सळीनं डावीकडे टोचत फिरवला तरी वर येतो. इथं इझी-आउट सुंदर चालतो.

दुसरा प्रकार गंजानं धरलेल्या बोल्टचा. तो पान्ह्यानं फिरवतानाच मोडला, याचा अर्थ बोल्टच्या पूर्ण गाभ्याला पेलला नाही एवढा जोर आट्यांनी परतवून लावला. एम-८ म्हणजे ८ मिमीच्या बोल्टचा आट्यांच्या तळाशी गाभा साधारण ६.५ मिमीचा असतो. त्यात ४ मिमी भोक पाडून ३ नंबरचा इझी-आउट घालायचा, आणि जे ६.५ मिमीला जमलं नाही ते ४ मिमीला करायला सांगायचं. पिळाचा जोर सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ४ मिमीच्या दांड्याला ६.५ मिमीच्या जेमतेम चौथा हिस्सा येतो. इझी-आउटचं पोलाद बोल्टपेक्षा कडक असलं तरी ते ठिसूळही असतं. वाकून इशारा देत नाही, एकदम कटकन मोडतं. शिवाय पिळाचा इझी-आउट निमुळता असल्यानं आत शिरताना भोकाची भिंत बाहेर ढकलतो आणि तुकडा आट्यांत आणखी घट्ट बसवतो. आत मोडलेल्या इझी-आउटवर कोबाल्टचा ड्रिलही चालत नाही. मग कार्बाइड बर (अतिकडक घासणारं टोक) किंवा स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं), म्हणजे काम घरातून बाहेर गेलं.

म्हणून गंजलेल्या बोल्टच्या बाबतीत आधी गंजाची पकड सोडवायची, मग फिरवायचं. डोकं शाबूत असतानाच हे केलं तर पुढची वेळच येत नाही. तारेच्या ब्रशनं बाहेर दिसणारे आटे घासून काढा, कारण तोच गंज बोल्ट बाहेर येताना नटमध्ये अडकतो. गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. घरी करायचं असेल तर अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं चांगलं काम देतं. दोन्ही थर वेगळे होतात, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं. रंग आणि प्लॅस्टिकवर ते सांडू देऊ नका. तेलानंतर डोक्यावर सरळ, छोटे, पुष्कळ ठोके. मग बारा कोनी नव्हे, सहा कोनी गोटी. पहिली हालचाल आवळण्याच्या दिशेनं, केसभर. त्यानंतर सोडवायचं, पाव फेरा पुढं, थोडं मागं, पुन्हा तेल. पान्ह्याला स्प्रिंगसारखी लवचीक जाणीव यायला लागली, म्हणजे हात फिरतोय पण बोल्ट फिरत नाही, तर तिथंच थांबा. तो मोडायच्या बेतात आहे.

तेलापेक्षा उष्णता कितीतरी जास्त उपयोगी पडते, विशेषतः अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये. तिथं लाल गंजापेक्षा पांढरी भुकटी दिसते. पोलाद आणि अॅल्युमिनियम ओलीत एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम झिजून ती तयार होते, आणि आट्यांत ती सिमेंटसारखी बसते. पण अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. केसिंग १५० अंशांनी तापवलं तर एम-८ च्या भोकाला बोल्टपेक्षा सुमारे १३ मायक्रॉन जास्त जागा मिळते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पकड सुटायला तेवढं पुरतं. हीट गन केसिंगवर धरा, बोल्टवर नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरून उडाला की तापमान पुरेसं झालं. मग मेणबत्तीचं टोक बोल्टच्या कडेला टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. तापलेल्या भागावर स्प्रे तेल मारू नका, ते पेट घेतं. पेट्रोलची टाकी आणि पाइप आधी काढून लांब ठेवा. ब्रेक होज, ऑइल सील, बेअरिंग जवळ असेल तर हा मार्ग सोडून द्या. पोलादात किंवा बिडात बसलेल्या बोल्टला असा प्रसरणाचा फायदा मिळत नाही. तिथं बोल्टच तापवून थंड होऊ द्यायचा, आकुंचन पावताना गंजाचा थर तडकतो.

आता बोल्ट मोडलाच आहे असं धरू.

सगळं काम मध्यबिंदूवर अवलंबून आहे, आणि घाई होते तीही इथंच. मोडलेला भाग कधीच सपाट नसतो. एका बाजूला उतार असतो, आणि ड्रिल त्या उतारावरून घसरून मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरतो. म्हणून आधी कानशीनं किंवा छोट्या ग्राइंडिंग पॉइंटनं वरचा भाग सपाट करा. तुकडा भोकाच्या आत खोल असेल तर बाहेरून बरोबर बसणारी आणि आतून ३ मिमी भोक असलेली बुशिंग, म्हणजे ड्रिलला मध्यावर धरणारी नळी, लेथवर करून घ्या. उद्यमनगरात हे काम कुणीही टर्नर करून देतो, आणि एम-६ व एम-८ अशा दोन बुशिंग डब्यात कायमच्या असाव्यात. पंचाचा पहिला ठोका हलका मारा, भिंगातून बघा, केंद्र सरकलं असेल तर पंच तिरका धरून ते ओढून आणा, मग जोरात मारा. केंद्र अर्धा मिमी जरी चुकलं तरी एम-६ मध्ये शेवटचा ड्रिल मूळ आट्यांना चाटून जातो.

लेफ्ट हँड ड्रिलची गंमत अशी की मशीन रिव्हर्सला चालतं, त्यामुळे कापण्याचा सगळा जोर सोडवण्याच्या दिशेनं लागतो. साधा ड्रिल तोच जोर तुकडा आणखी आत आवळायला वापरतो. घर्षणाची उष्णता, कंपनं आणि मधला गाभा निघाल्यानं सैल पडलेली भिंत हे तिन्ही एकत्र आले की बऱ्याचदा ५ मिमीच्या टप्प्यावर ड्रिल तुकड्यात अडकतो आणि तुकडा फिरत बाहेर येतो. इझी-आउटला हात लावायची गरजच पडत नाही. संचाची किंमत वसूल होते ती इथं.

एम-८ साठी क्रम ३, ४, ५, ६.५ मिमी. एम-६ साठी ३, ४, आणि गरज पडली तरच ४.८. वेग ३ मिमीला मिनिटाला साधारण १५०० फेरे, ५ मिमीला ९००, ६.५ ला ७००. बॅटरीच्या मशीनवर ३ मिमी दुसऱ्या गिअरमध्ये आणि बाकीचे पहिल्या गिअरमध्ये चालवले तर वेग यापेक्षा कमी पडतो, पण चालतं. हॅमर मोड बंद आहे ना, हे आधी बघा. हॅमरवर कोबाल्टची धार तिथल्या तिथं उडते. कटिंग ऑइलचे थेंब सतत हवेत, नसेल तर इंजिन ऑइल. दाब ठाम ठेवा. हलक्या हातानं ड्रिल नुसता घासला जातो, आणि स्टेनलेसचा बोल्ट असेल तर घासलेला भाग कडक होऊन पुढं कापलाच जात नाही. सुरळीत काम चाललं असेल तर लांब वळणदार कीस निघतो. भुकटी आणि किंचाळणारा आवाज येत असेल तर थांबून धार तपासा. किती खोल जायचं ते मोडून हातात आलेला तुकडा नव्या बोल्टशेजारी ठेवून मोजा आणि ड्रिलला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

एक गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही. बहुतेक मशीनचा चक, म्हणजे ड्रिल पकडणारा भाग, स्पिंडलवर आट्यांनी बसलेला असतो आणि आत, जबडे पूर्ण उघडल्यावर तळाशी दिसणारा डाव्या आट्यांचा स्क्रू त्याला धरून ठेवतो. तो स्क्रू सैल किंवा गायब असेल तर रिव्हर्सला जोर आल्यावर बोल्टऐवजी चकच सुटून येतो. काम सुरू करण्याआधी तो आवळून घ्या.

इझी-आउट वापरायचाच असेल तर टॅप (भोकात आटे पाडायचं अवजार) फिरवायच्या दोन मुठींच्या हँडलनं, दोन्ही हातांनी सारखा जोर देऊन. एका बाजूनं पान्हा लावला की तो वाकवला जातो आणि मोडतो. पिळाच्या इझी-आउटपेक्षा सरळ धारांचे जास्त भरवशाचे, कारण ते भिंत फारशी फुगवत नाहीत. हल्ली दोन टोकांचे, एकीकडे भोक पाडणारे आणि दुसरीकडे पकडणारे बिट ऑनलाइन खूप दिसतात. ते डोक्याची खाच गेलेल्या स्क्रूसाठी ठीक आहेत. आत मोडलेल्या बोल्टला त्यांचा उपयोग नाही.

ड्रिलनंही तुकडा हलला नाही तर दोन रस्ते उरतात. केंद्र बरोबर असेल तर ६.५ पर्यंत जाऊन उरलेली पातळ कड टोकदार पंचनं आत दुमडा, तारेच्या वेटोळ्यासारखी ती निघते, मग एम-८ चा १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतराचा) टॅप हलक्या हातानं फिरवून आटे साफ करा. केंद्र सरकलं असेल तर वेल्डिंग. तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. ६०१३ जातीचा २.५ मिमी वेल्डिंग रॉड आणि ८० अँपियरच्या आसपास करंट पुरतो. अॅल्युमिनियमला हा वेल्ड चिकटत नाही, म्हणून केसिंग सुरक्षित राहतं. जस्ताचा मुलामा असलेला नट घेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो, काळा नट घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि अर्थ क्लॅम्प त्याच केसिंगवर लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. लाली उतरल्यावर, गरम असतानाच, नट मागं-पुढं हलवत फिरवा. खरं सांगायचं तर गंजानं घट्ट धरलेल्या तुकड्यासाठी यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. वेल्डिंग मशीन घरी नसेल तर गाडी उद्यमनगरात न्यावी. इझी-आउट आत मोडला असेल तर स्पार्क इरोजन करणारी टूलरूम शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शोधावी.

झीज कशी झाली? ३ मिमीच्या ड्रिलचं टोक सगळ्यात आधी गेलं, आणि ते जाणारच, कारण कडक बोल्टला पहिलं तोंड तेच देतं. ५ आणि ६.५ ची धार अजून चांगली आहे. धार लावायला दिले तर लेफ्ट हँड आहेत हे बजावून सांगा, सवयीनं उजवी धार लावली जाते. इझी-आउटपैकी १ नंबर एम-६ च्या खालच्या स्क्रूंसाठी आहे आणि गंजलेल्या स्क्रूवर तो टिकत नाही. ३ नंबरच्या कडा गोल व्हायला लागल्या आहेत. डब्यात ओल शिरते, पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर तेलाचं फडकं फिरवलं नाही तर ड्रिलवरच ठिपके उमटतात.

बोल्ट परत बसवताना आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (आटे पुन्हा धरू नयेत म्हणून लावायचा लेप) पातळ लावा आणि ठरलेल्या टॉर्कपेक्षा साधारण पाऊणच आवळा, कारण गुळगुळीत आट्यांवर तेवढ्याच जोरानं जास्त ताण येतो. बंद तळाच्या भोकात तेल साठू देऊ नका, बोल्ट आवळताना त्याच्या दाबानं केसिंग तडकू शकतं. ब्रेक कॅलिपरच्या १०.९ दर्जाच्या बोल्टच्या जागी गंजत नाही म्हणून ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट लावू नका. पहिल्याची ताकद १००० मेगापास्कल, दुसऱ्याची ७००.

पूर्ण संच घेण्यापेक्षा लेफ्ट हँड कोबाल्ट ड्रिल सुटे घ्या: ३ मिमीचे तीन, ४ आणि ५ चे एकेक, ६.५ चा एक. इझी-आउट सरळ धारांचा, एम-८ साठीचा, एवढाच. वाचलेल्या पैशांत चांगला पंच आणि डोळ्यांचा गॉगल येतो.