गम, पट्टी की गोळी? तंबाखू सोडताना काय निवडावं

मेडिकलवाल्याला "तंबाखू सोडायचीय, काहीतरी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा निकोटिन गम पुढे येतो. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो आणि तोंडात सतत काहीतरी लागणाऱ्याला तो पटतोही. पण गम हा चार-पाच पर्यायांपैकी फक्त एक आहे. एकटा घेतला तर तो त्यातला सगळ्यात जोरदारही नाही.

उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये ३१९ चाचण्या एकत्र करून या उपायांची एकमेकांशी तुलना केली. त्यात दीड लाखाहून जास्त माणसं होती. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ सिगारेट सुटलेले किती, एवढंच पाहिलं तर औषधाविना प्रयत्न करणाऱ्या १०० जणांत साधारण ६ निघतात. नुसती निकोटिनची पट्टी (कातडीवर चिकटवायची), नुसता गम किंवा बुप्रोपिऑनची गोळी घेतली तर ९ च्या आसपास. पट्टी आणि गम दोन्ही मिळून १२. वरेनिक्लिन आणि सायटिसिन या गोळ्या आणि निकोटिनची ई-सिगारेट हे तिघे १४ च्या घरात. दुपटीहून जास्त फरक आहे, पण सगळ्यात चांगल्या उपायानेही १०० पैकी ८६ जणांची सुटली नाही, हेही लक्षात असू द्या. हा हिशेब एका प्रयत्नाचा आहे. सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी बरेच प्रयत्न केलेले असतात.

वरेनिक्लिन: भीती जास्त, कारण कमी

निकोटिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, तिथेच ही गोळी बसते आणि ती जागा अर्धवट चालू ठेवते. त्यामुळे तलफ उतरते आणि मध्येच कोणी सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, पुढचे चार दिवस तीच दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, असा साधारण बारा आठवड्यांचा कोर्स असतो. पहिला आठवडा तंबाखू चालू असतानाच गोळी सुरू करायची असते.

या गोळीने डोक्यावर परिणाम होतो, माणूस आत्महत्येकडे वळतो, अशी धास्ती मध्यंतरी पसरली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये वेष्टनावर चौकटीतला इशाराही छापायला लावला. मग ईगल्स नावाची मोठी चाचणी झाली. १६ देश, ८,१४४ माणसं आणि त्यातले निम्मे मानसिक आजाराचे रुग्ण, मुद्दाम घेतलेले. २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा वरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑनमुळे मानसिक त्रास पट्टीपेक्षा किंवा साध्या (म्हणजे औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या) गोळीपेक्षा ठळकपणे वाढल्याचं दिसलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो इशारा काढला गेला. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेट न ओढलेले वरेनिक्लिनवर सुमारे २२ टक्के होते, बुप्रोपिऑन आणि पट्टीवर १६ च्या आसपास, साध्या गोळीवर ९. जुना धसका अजूनही कानावर येतो, म्हणून हे जरा लांबवून सांगितलं.

त्रास व्हायचा तो मळमळीचा. अनशापोटी घेतली तर हमखास. पोटभर जेवून पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. स्वप्नं विचित्र पडतात, म्हणून दुसरी गोळी झोपेच्या तोंडावर न घेता संध्याकाळच्या खाण्यानंतर घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हिच्या वाटेला जाऊ नये.

गम फसतो तो चघळण्यात

गममधलं निकोटिन पोटातून नाही, गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं. च्युइंगगमसारखा भराभर चावला की सगळा रस गिळला जातो. मग उचकी लागते, घशाशी जळजळतं आणि तलफ आहे तिथेच राहते. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायचा. तिखटसर चुणचुण जाणवली की दाढ आणि गाल यांच्यामध्ये ठेवून द्यायचा. चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या गालात. एक गम असा अर्धा तास चालतो. चहा-कॉफीवर लगेच घेतला तर तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटिन शोषलं जात नाही, मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. तंबाखूची चिमूट दाढेखाली धरणाऱ्याला हे तंत्र सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमतं, हेही खरं.

दुसरी चूक मात्रेची. दिवसाला दोन-तीन गम घेऊन "काही फरक पडत नाही" म्हणणारे बरेच असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत एक-दोन तासांनी एक, असा हिशेब लागतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर २ मिलिग्रॅम अपुरा पडतो. ४ चा लागतो आणि त्याला चिठ्ठी हवी.

पट्टीला असं काही कसब लागत नाही. रोज एक, कोरड्या आणि केस नसलेल्या जागी, दर दिवशी जागा बदलून. खाज सुटते, झोप बिघडली तर रात्री काढून ठेवता येते. मात्र ती हळू काम करते, अचानक उसळलेल्या तलफेला तिच्याकडे उत्तर नाही. म्हणून पट्टीवर गम ही जोडी. "निकोटिन सोडायला निकोटिनच घ्यायचं?" हा प्रश्न हटकून येतो. कॅन्सर होतो तो मुख्यतः धुरातल्या आणि तंबाखूतल्या इतर विषांनी. निकोटिनने सवय लागते. बारा आठवडे पट्टी लावणं आणि बारा आठवडे पुड्या खाणं यांची बरोबरी नाही.

बुप्रोपिऑन थोडक्यात: फिट येणाऱ्यांनी अजिबात नको, तोंड कोरडं पडतं, झोप उडते. पट्टीची ॲलर्जी असेल किंवा वरेनिक्लिन सोसत नसेल तर विचार करावा.

सायटिसिन आणि ई-सिगारेट

सायटिसिन लॅबर्नम झाडाच्या बियांतून मिळतं. बल्गेरियात ते १९६४ पासून विकलं जातं, कोर्स फक्त २५ दिवसांचा. न्यूझीलंडच्या २०१४ च्या चाचणीत सहा महिन्यांनी सायटिसिनवाल्यांत २२ टक्के आणि गम-पट्टीवाल्यांत १५ टक्के सुटलेले होते. त्याच औषधाची बांगलादेश-पाकिस्तानात क्षयरोग्यांवर मोठी चाचणी झाली, तिथे ३२ विरुद्ध ३० असा निकाल आला, म्हणजे साध्या गोळीपेक्षा फरक जवळपास नाहीच. कारण कदाचित असं: सगळ्यांनाच समुपदेशन मिळत होतं आणि क्षय झाल्याचं कळल्यावर माणूस तसाही हादरलेला असतो. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना २०२४ पासून हे औषध चिठ्ठीवर मिळतं.

ई-सिगारेटचा पुरावा मजबूत आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये ८८६ जणांच्या २०१९ च्या चाचणीत वर्षानंतर १८ टक्के विरुद्ध गम-पट्टीचे १० टक्के असा निकाल लागला. पण सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. भारतात २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, आयात, जाहिरात, साठवण बंद आहे. पानटपरीवर चोरून मिळणाऱ्या वेपमध्ये (म्हणजे ई-सिगारेटमध्येच) काय भरलंय याची कसलीच तपासणी नाही. त्या चाचणीचा आकडा त्या वेपला लावू नका. भारतात राहत असाल तर हा पर्याय यादीतून खोडा.

खर्रा, मावा, मिश्री असेल तर

वरचे जवळजवळ सगळे आकडे सिगारेटवाल्यांचे आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे आकडे थेट लागू नाहीत. नॉर्वे-स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्यांवर वरेनिक्लिनचा चांगला परिणाम दिसला. दिल्लीत २३७ जणांवर झालेल्या चाचणीत मात्र खरंच सुटली का हे लघवी तपासून पाहिल्यावर फरक ठाम निघाला नाही. गोळ्या नीट घेणाऱ्यांना फायदा झाला, अर्धवट सोडणाऱ्यांना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात बिनधुराच्या तंबाखूसाठी समुपदेशनावर भर आहे, जोडीला वरेनिक्लिन किंवा गम-पट्टी.

खर्ऱ्यात आणि माव्यात आणखी एक भानगड आहे, सुपारीची. सुपारीची स्वतःची तलफ असते. निकोटिनची पट्टी लावली तरी ती जात नाही, आणि "तंबाखू बंद, नुसती सुपारी चालू" ही सुटका नव्हे, कारण सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो. शिवाय बरीच वर्षं खर्रा खाल्लेल्याचं तोंड नीट उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. अशाला गम देणं म्हणजे शिक्षाच. त्याने पट्टी किंवा गोळीकडे जावं आणि त्याआधी दाताच्या डॉक्टरांना तोंड दाखवावं.

माझा कल सांगायचा तर: उठल्याउठल्या लागत असेल आणि डॉक्टर हाताशी असतील तर वरेनिक्लिन. गोळी नको असेल तर पट्टी आणि गम एकत्र. दिवसातून दोन-चार वेळाच घेत असाल तर नीट चघळलेला गम पुरेल. गरोदर बाईने मिश्री सोडताना आधी समुपदेशन, औषध डॉक्टर ठरवतील. यातलं काहीही घेतलं तरी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट समुपदेशन मिळतं, मराठीतही बोलतात.

बिडी-सिगारेटवाल्यांसाठी एक जादाची गोष्ट. धुरामुळे यकृत काही औषधं झपाट्याने निकाली काढतं. ओढणं थांबलं की दम्याचं थिओफिलिन किंवा मानसिक आजारावरचं क्लोझापिन आहे त्याच मात्रेत जास्त चढतं. ही औषधं चालू असतील तर सोडायची तारीख आधी आपल्या डॉक्टरांना सांगून ठेवा.